पेटीवाले भाऊ शांत झोपले

एका जिवंत माणसाला मी भर चर्चमध्ये मेलेला जाहीर केलं होतं. आमच्या खामगावच्या मंडळीत ही गोष्ट आता इतकी मुरली आहे, की एखाद्या लग्नात अनोळखी पाहुणेसुद्धा जवळ येऊन विचारतात, "त्या बाई तुम्हीच का हो?" मी म्हणते, हो, मीच ती, जेवलात का? दुसरं काय म्हणणार! पण लोक सांगतात ती अर्धीच गोष्ट. ती हसण्यावारी संपते. उरलेली अर्धी कळायला मला स्वतःलाच सात वर्षं लागली, आणि ती हसण्यासारखी नाही, म्हणून लिहायला बसले.

माझा स्वभाव फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं पोरं हाकली. हजेरी घेणं हाडात भिनलं. कोण आलं नाही, का आलं नाही, चिठ्ठी कुठाय. रिटायर झाल्यावर पंचकमिटीनं मला रविवारच्या उपासनेत सूचना वाचायचं काम दिलं, कारण माईक बंद पडला तरी माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो. लाईट आमच्याकडे नेमकी रविवारी सकाळीच जाते, त्यामुळे ही लायकी मोठीच म्हणायची.

चर्च आमचं लहान. एका बाजूला बायांची बाकं, एका बाजूला माणसांची, मागे लिंबाचं झाड. कपाशीच्या हंगामात जिनिंगमधली रुई उडत येते आणि खिडकीच्या जाळीला चिकटून बसते. शंभरेक माणसांची मंडळी; बाकी सगळं गाव, शेजारपाजार, बरेचसे सोयरेही हिंदू. त्यामुळे आमचे काही शब्द बाहेरच्या माणसाला उमजत नाहीत. त्यातला एक म्हणजे झोपणं. आमच्यात कोणी वारलं की 'मेला' म्हणत नाहीत, 'प्रभूमध्ये झोपी गेला' म्हणतात. मी लहान असताना माझी मावशी अशी झोपी गेली, तेव्हा पुढे महिनाभर मी आईला दुपारची झोपू देत नव्हते. तिचा डोळा लागला की पापणी उचलून बघायची. शेवटी आईनं एक धपाटा घातला आणि दोन्ही झोपांमधला फरक समजावून सांगितला. म्हणजे हा घोटाळा मला चांगला माहीत होता. तरी मीच केला.

ज्यांना मारलं ते आमचे पेटीवाले भाऊ. जिनिंगमध्ये फिटर होते, नंतर नांदुरा रोडवरच्या आपल्या दीड एकरात सांबार, मेथी, वांगी करू लागले. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या सुनांनी आमच्याकडे पहिल्यांदा हा शब्द ऐकला की त्यांना डाळीची आमटीच आठवते. भाऊ चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि गाणं उचलायचे. तसं पेटी वाजवणारे पुष्कळ असतात. भाऊंचं वेगळं असं होतं, की सूर धरण्याआधी ते बायांच्या पहिल्या बाकाकडे बघायचे. तिथे आमच्या मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याबाई बसतात. आत्याबाई खोकत असल्या की भाऊ पट्टी खाली घ्यायचे, बऱ्या असल्या की एक घर वर. त्यांच्या गळ्याला झेपेल ते सगळ्यांना झेपेल, असा त्यांचा हिशेब. ही गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नव्हती. मी सूचना वाचायला पुढे बसायची म्हणून मला दिसायची.

सात वर्षांमागे पावसाळ्याच्या शेवटी भाऊंना ताप आला. साधा नव्हे, उतरायचं नाव घेईना. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, पहिल्या रविवारी चर्चला आल्या आणि प्रार्थनेसाठी चिठ्ठी देऊन गेल्या. मी ती वाचली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. पुढच्या रविवारी वहिनी आल्या नाहीत, तरी मी आठवणीनं नाव घेतलं, पुन्हा प्रार्थना झाली. तिसऱ्या रविवारीही झाली. चौथ्या रविवारी पाळकसाहेब अकोल्याला गेले होते आणि उपासना आम्हीच चालवत होतो. मी सूचनांचा कागद उघडला तर त्यात एक घडी केलेली चिठ्ठी. भाऊंच्या सुनेनं सकाळी फाटकाशी येऊन दारात उभ्या असलेल्या एका काकांच्या हातात दिली होती आणि घरी लेकरू एकटं म्हणून तशीच परत गेली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'बाबा आज पहाटे शांत झोपले. आईंनी मंडळीला कळवायला सांगितलं आहे.'

सून वरवट बकालची, शेतकरी हिंदू घरातली. लग्न होऊन वर्षच झालं होतं. तिचा सासरा तीन आठवडे तापानं तळमळत होता, पहाटे घाम सुटून ताप उतरला आणि त्याला गाढ झोप लागली. त्या आनंदात बिचारीनं जे झालं तेच लिहिलं. तिला काय माहीत, आमच्या चर्चमध्ये झोपेचा अर्थ काय होतो ते! आणि मी, जिनं जन्मभर पोरांना 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' म्हणून छड्या दिल्या, तिनं घसा खाकरून, आवाज जड करून वाचलं: "आपले पेटीवाले भाऊ आज पहाटे प्रभूमध्ये झोपी गेले." 'प्रभूमध्ये' माझ्या पदरचं. चिठ्ठीत नव्हतं.

सगळी मंडळी उभी राहिली. बाया रडायला लागल्या. आत्याबाई तर बाकावर बसून कपाळावर हात मारत होत्या. फोन करून विचारावं, एवढी अक्कल कोणाला झाली नाही. मरणाच्या घरी फोन करत नाहीत, जातात. उपासना अर्ध्यावर सोडली. कोणी फुलांचं चक्र आणायला गेलं. पंचकमिटीतले एक काका सगळ्यात कामसू, त्यांनी उभ्या उभ्या सुताराला फोन लावून सांगितलं, की पेटीवाल्या भाऊंसाठी पेटी पाहिजे. सुतार म्हणाला, पेटीचं काम मी करत नाही, भात्याचं काम असेल तर अकोल्याला न्या. काका ओरडले, अरे वाजवायची नव्हे बाबा, पुरायची!

पन्नासेक माणसं, मोटारसायकली, ऑटो, एक टाटा मॅजिक असा लवाजमा नांदुरा रोडला भाऊंच्या शेतात उतरला. भाऊ अंगणात खाटेवर बसून मुगाची खिचडी खात होते. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, गाल बसलेले. हातातला घास हातात राहिला. आम्ही फाटकात उभे, पुढे मी, माझ्यामागे काका आणि त्यांच्या हातात ते भलंमोठं फुलांचं चक्र. भाऊंनी आमच्याकडे बघितलं, चक्राकडे बघितलं, मग वहिनींकडे वळून म्हणाले, "काऊन वो, मी जिता हाओ ना?"

त्यावर जो हशा उसळला तो विचारू नका. रडणाऱ्या बायाच आधी हसल्या. काही जणी हसता हसता पुन्हा रडल्या. सुनेला जेव्हा कळलं काय झालं ते, ती आतल्या खोलीत जाऊन बसली आणि बाहेरच येईना. मी जाऊन तिला जवळ घेतलं, म्हटलं पोरी, तू लिहिलं ते बरोबरच आहे, चूक माझी आहे. चहा झाला. भाऊसुद्धा हसले. निघताना काका चक्र परत उचलायला लागले तर भाऊ म्हणाले राहू द्या, बकरी खाईल.

पुढच्या रविवारी भाऊ आले नाहीत. अशक्तपणा असेल, असं आम्ही म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. नाताळ आला आणि गेला. वहिनी येत, एकट्या, बायांच्या तिसऱ्या बाकावर बसत आणि शेवटचं आमेन झालं की चपला घालून निघत. चर्चची पेटी कपाटात गेली, तिथे उंदरांनी भाता खाल्ला. गाणं कोणी उचलायचं? ते काम माझ्या गळ्यात पडलं. मोठा आवाज आणि चांगला सूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या मंडळीला दर रविवारी पटायला लागलं. मी पहिल्या ओळीलाच अशी काही वर चढायची, की तिसऱ्या ओळीला निम्म्या बाया गप्प व्हायच्या.

आमच्याकडे येणं सोडलेल्यांना 'थंड पडलेले' म्हणतात. माझ्या वहीत थंड पडलेल्यांची यादी असे, हजेरीपटासारखीच. मी घरोघर जायची. जायची म्हणजे काय, झाडायला जायची. रविवारी बाजाराला वेळ मिळतो, देवाला मिळत नाही का? असं उंबऱ्यातूनच सुरू. लोक मान खाली घालायचे, चहा द्यायचे, येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. मला वाटायचं, लोकच असे कोडगे झालेत. यादी लांबत गेली. तिच्यात पहिलं नाव भाऊंचं, आणि तेवढ्या एका नावापुढे माझा आवाज उतरायचा, कारण तो गुन्हा माझा होता. दर नाताळात करंज्या आणि केक घेऊन मी त्यांच्याकडे जायची, माफी मागायची. भाऊ, त्या दिवशी माझ्या तोंडून गेलं, लोक हसले, तुमची थट्टा झाली, मोठ्या मनानं विसरा. ते म्हणायचे, "त्यात काय ताई, झालं गेलं." मग सांबाराचा भाव पडला कसा, वांग्यावर कीड आली कशी. निघताना हातात एक जुडी द्यायचे. सात नाताळ मी सात जुड्या घेऊन परत आले. चांगली ताजी जुडी, पण मला तिचा राग यायचा.

परवाच्या जानेवारीत, तुरी सोंगायचे दिवस होते, वहिनी उपासना संपल्यावर गेल्या नाहीत. लिंबाखाली थांबल्या. मी कुलूप लावून बाहेर आले तर त्यांनी माझा हात धरला. सात वर्षांत पहिल्यांदा त्या बाईनं माझ्याकडे काही मागितलं. भाऊंनी घरची पेटी द्यायला काढली होती. शेजारच्या शेताचा मालक गावातल्या भजनी मंडळात होता, त्या मंडळाला देणार होते. येत्या रविवारी ते लोक न्यायला येणार. "घरी सकाळी वाजवत होते ताई, एकटेच," वहिनी म्हणाल्या. "आपलेच गाणे वाजवत होते. मी म्हनो, हात चालू आहे तं मानूसही येईन एक दिवस. आता पेटीच गेली तं मंग काय राह्यलं?"

रात्रभर कूस बदलत राहिले. यादीतली इतर माणसं परत आली नाहीत तर तो त्यांचा आणि देवाचा प्रश्न, असं मी स्वतःला समजावू शकत होते. पण हा माणूस मी घालवला होता. पेटी घराबाहेर पडली की तो कायमचाच गेला, असं वहिनींसारखंच मलाही वाटलं. आणि मला राग पण आला, खोटं का बोलू! एका चुकीचा एवढा डूख धरायचा? सात वर्षं?

शनिवारी दुपारी ऑटो करून गेले. भाऊ वाफ्यात पाणी सोडत होते. मला बघून फावडं टेकवलं, खाटेवर बसा म्हणाले. पेटी ओसरीवर काढून ठेवली होती, पुसून, तिच्यावर धुतलेला पंचा घातलेला. ती तशी तयार बघितली आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, चर्चची पेटी उंदरांनी खाल्ली, बाया सूर शोधत बसतात, आत्याबाईंनी तर गाणंच सोडलं, आणि तुम्ही चांगली पेटी उचलून दुसऱ्यांना देता? किती वेळा माफी मागायची मी? लोक हसले म्हणून एवढं? आता काय पाया पडू? बरंच बोलले. शाळेतला आवाज होता, पलीकडच्या शेतातला माणूससुद्धा वाकून बघायला लागला.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या पलीकडच्या माणसाकडे बोट केलं आणि विचारलं, ताई, हा कोण माहीत आहे का? मी म्हटलं नाही. ते म्हणाले, हाच तो पेटी नेणारा. मला ताप होता तेव्हा तीन हप्ते यानं माझ्या वाफ्यात पाणी सोडलं. आपलं आटोपून माझ्याकडे यायचा. सुनेचे आईबाप वरवट बकालहून दोनदा आले, दूध घेऊन, एकदा तर बस चुकली म्हणून ट्रॅक्टरवर बसून आले. त्यांना आपल्या देवाचं नावही नीट घेता येत नाही. मी खाटेवर पडून फाटकाकडे पाहत असायचो. वाटायचं आता मंडळीतलं कोणी येईल, आता येईल.

मी म्हटलं, आम्ही प्रार्थना करत होतो, भाऊ. तिन्ही रविवारी केली. मी स्वतः नाव घेतलं.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "प्रार्थना पोचली ताई. मानूस नाही पोचलं."

ते पुढे जे बोलले ते अगदी हळू, वाफ्यातल्या पाण्याकडे बघत. "तुमी मले मेलो म्हनलं, त्याचं मले काही नाही. मी हसलो ना तुमच्यासंगं. पन त्या दिवशी पन्नास मानसं फाटकात पाह्यले, अन् माह्या मनात आलं, मेलो तं पन्नास आले. जिता होतो तं एक नाही."

सात वर्षं मी चुकीच्या गुन्ह्याची माफी मागत होते. माझी तोंडाची चूक एका दिवसाची होती. ती त्यांनी त्याच दिवशी बकरीला घातली होती. खरी चूक तीन आठवड्यांची होती आणि ती मी कधी चूक म्हणून बघितलीच नव्हती. चर्चपासून त्यांचं शेत किती लांब? ऑटोनं पंधरा मिनिटं. तेव्हा मी रिटायर होते, रिकामी होते, संध्याकाळी टीव्ही बघत होते. नाव वाचलं, डोळे मिटले, आमेन म्हटलं, आणि माझं काम झालं असं समजून घरी जेवायला गेले. मला रडू आलं. पदर तोंडाला लावून मी त्या खाटेवर चांगलीच रडले, आणि भाऊंनी मला थांबवलं नाही. मग मी म्हटलं, मी यायला पाहिजे होतं. आले नाही. त्याची माफी करा.

ते म्हणाले, "आता बोलल्या तुमी."

पेटीचं मी काही म्हटलं नाही. ज्यानं पाणी सोडलं त्याला ती जाणंच बरोबर होतं. निघताना भाऊंनी फाटकापर्यंत येऊन विचारलं, चर्चच्या पेटीचा भाता पूर्णच गेला की नुसती घडी फाटली? मी म्हटलं, उंदरांना विचारावं लागेल. त्यांनी सांगितलं की ऑटोत घालून पाठवून द्या, बघतो. पण फक्त दुरुस्त करून देईन, वाजवायचं म्हणायचं नाही. मी कबूल केलं. जुडी मिळाली, आणि पहिल्यांदा मला तिचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी सूचना संपल्यावर मी खाली बसले नाही. पाळकसाहेबांना आधी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर ते म्हणाले असते की आधी कमिटीत ठेवू. मी म्हटलं, सात वर्षांमागे मी इथूनच एक मरण जाहीर केलं होतं, त्याची दुरुस्ती आजपर्यंत केली नाही. पेटीवाले भाऊ जिवंत आहेत. लोक हसले. मी थांबले. मग म्हटलं, त्याआधी तीन आठवडे ते आजारी होते, आपण तीनदा प्रार्थना केली आणि एकदाही गेलो नाही. मी गेले नाही. तुमच्यापैकी कोणी गेलं असेल तर हात वर करा. हसणं बंद झालं. हात कोणी वर केला नाही. खिडकीच्या जाळीला चिकटलेली रुई हलत होती, तेवढीच काय ती हालचाल. वहिनी तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसल्या होत्या. मी वही काढली, थंड पडलेल्यांची, आणि म्हटलं, ही यादी मी आजपासून बंद करते. कारण यातले किती जण आधी थंड पडले आणि कितींना आपण थंड पाडलं, हे मला आता सांगता येत नाही.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. कमिटीतले पेटी सांगणारे काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. घरातली गोष्ट माईकवर कशाला, असं त्यांचं म्हणणं. माईक तर बंदच होता, पण असो. मात्र त्याच आठवड्यात कोणीतरी एक जण भाऊंकडे जाऊन आला. मग दोघी बहिणी गेल्या, मेथी घ्यायच्या निमित्तानं. मग अजून कोणी. झुंडीनं नाही, एकेकटे. चर्चला चला असं कोणी म्हणायचं नाही, एवढं मी सगळ्यांना बजावलं होतं. बसायचं, चहा प्यायचा, यायचं. एका संध्याकाळी भाऊंचा मला फोन आला. म्हणाले, ताई, हे तुम्ही काय लावून दिलं, दर दोन दिवसाले कोणी ना कोणी येऊन राह्यलं, मले सांबार तोडू देत नाहीत. तक्रार करत होते, पण फोन काही लवकर ठेवेनात. आणि हो, महिना संपता संपता कोण गेलं असेल? तेच कामसू काका. यावेळी हातात चक्र नव्हतं, केळी होती.

होळीच्या सुमारास एका रविवारी मी चर्च उघडायला गेले तर पायरीवर पेटी. नवा भाता, पितळी कड्या घासलेल्या. शेजारी भाऊ उभे, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि लिंबाखाली वहिनी, कोणाकडेच न बघता. भाऊ म्हणाले, फक्त पोचवायला आलो. मी म्हटलं, बरं. पेटी टेबलावर ठेवून ते माणसांच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले, दाराला लागून, निघायला सोपं अशा जागी. मी कोणाला त्यांच्याकडे वळून बघू दिलं नाही. डोळे मोठे करून पुढे बघायला लावणं मला जमतं.

गाणं सांगितलं. पेटी बंद, म्हणून नेहमीप्रमाणे मी उचललं, आणि नेहमीप्रमाणेच वर चढले. त्यातून त्या दिवशी मागच्या बाकावर कोण बसलंय ते ठाऊक, त्यामुळे जरा जास्तच. दुसऱ्या ओळीला आत्याबाईंना खोकल्याची उबळ आली. इतर बायाही एकेक करून गळू लागल्या. मी एकटीच त्या उंचीवर, खाली कसं यायचं ते कळेना. तेवढ्यात मागच्या बाकावर पाय वाजले. मी बघितलं नाही. पेटीचा खटका निघाल्याचा आवाज आला. भाऊंनी बायांच्या पहिल्या बाकाकडे बघितलं, आत्याबाईंचा खोकला संपेपर्यंत थांबले, आणि चांगली चार घरं खाली सूर धरला. आत्याबाईंनी ओळ उचलली. तिसऱ्या बाकावरून वहिनींचा आवाज आला. सात वर्षांत त्या बाईचा गळा मी ऐकलाच नव्हता. मी गप्प उभी राहिले. मंडळी माझ्याशिवाय इतकी छान गाते, हे ऐकून मला फार आनंद झाला.

तेव्हापासून भाऊ येतात. दर रविवारी नाही. पाण्याची पाळी असली की येत नाहीत. मग सोमवारी कोणीतरी चक्कर मारून येतं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सूचना वाचायला उठले तर कागदात एक घडी केलेली चिठ्ठी. उघडली. अक्षर भाऊंचं. मी ती मनात एकदा वाचली, दोनदा वाचली. मग बायांच्या पहिल्या बाकाकडे बघितलं. जागा रिकामी होती. आधीच्या रविवारीही होती, हे मला तेव्हा आठवलं. हजेरी घेणारी मी, आणि पहिल्याच बाकावरचं माझ्या नजरेतून सुटलं होतं. पेटीमागून भाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांना त्या दिवशी पट्टी कोणाच्या गळ्यानं धरावी ते कळलं नसणार.

मी चिठ्ठी वाचली. जशी होती तशी, पदरचा एक शब्द न घालता. "आत्याबाई दोन रविवार दिसल्या नाहीत. प्रार्थना करूच. पण आधी कोन कोन जाऊन येता, हात वर करा."

आणि वाचता वाचताच मी हात वर केला.